बारीक नळीचे मास्तर

अशी जवळ ये गं, दारातूनच काय विचारतेस, 'बरी आहेस ना?' चार महिन्यांनी तोंड दाखवतेस आणि तेही उभ्या उभ्या! टेक जरा. तुला आमच्या अमरावतीच्या शेजारच्या मास्तरांचं सांगते.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. मास्तर चित्रकला शिकवून रिटायर झालेले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. वाटेत भेटेल त्याला एकच विचारायचे, "काहो, लहान पोराच्या हृदयाची नळी केवढी असते?"

कासाराला विचारलं, वकिलाला विचारलं. खाटीक म्हणाला, "मास्तर, बकऱ्याची सांगतो, चालते काय?" एकदा तर भर पंगतीत पानातली शेवई उचलून मला दाखवली. "वैनी, एवढी असन काय?" त्या दिवशी माझी शेवई पानातच राहिली.

शाळेत हृदयाचा तक्ता होता, पण मोठ्या माणसाचा. "मोठ्याचं चित्र लहान काढलं म्हंजे पोराचं होते काय?" असं म्हणून त्या तक्त्यावरच चिडायचे.

आता हे खूळ कशापायी, तर शकूपायी. शकू त्यांची पाच वर्षांची नात. लेक-जावई चांदूर रेल्वे गावी, पोरगी शाळेसाठी यांच्यापाशी. हिवाळ्यात अकोल्याला लग्नाला नेली असताना तिला ताप आला, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "हृदयाच्या नळ्या बारीक आहेत." झालं! आपल्याकडे बारीक झाली म्हणजे खंगली. तेव्हापासून पोरीचं पळणं बंद. गल्लीतली पोरं लंगडी खेळायची आणि ही आजोबांना चिकटून ओट्यावर चित्रं काढायची.

"अहो भाऊजी, त्या डॉक्टरलेच इचारा ना!" मी म्हणायची.

"अन् त्यानं याहून वाईट सांगतलं तं?"

साऱ्या गावाला विचारलं, त्या एका माणसाला सोडून.

शेवटी मीच दोघांना गाडीत बसवलं. बडनेऱ्याला गाडी बदलून अकोला. डॉक्टरांनी शकूच्या छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं. मास्तर टोपी हातात धरून उभे.

"नळ्या बारीकच हायेत काय जी?"

"मग? एवढ्याशा पोरीच्या नळ्या बारीकच असणार. फार तर सुतळीएवढ्या. पोरगी वाढेल तशा त्याही वाढतील. तेव्हाही मी हेच सांगितलं होतं. हिला झालंय काय?"

"काहीच नाही?"

"काहीच नाही. खेळू द्या हिला."

बाहेर मोठं मैदान होतं. मास्तर म्हणाले, "शकू, पळ." पोरगी जागची हलेना. आजोबांकडे नुसती पाहत राहिली. तर या माणसानं काय करावं? धोतराचा सोगा कमरेला खोचला आणि स्वतःच पळत सुटले! टोपी एकीकडे, मास्तर एकीकडे. लोक थांबून पाहायला लागले. मग शकू खुदकन हसली आणि निघाली. पाहता पाहता आजोबांना मागे टाकून पार कुंपणापाशी पोचली.

मास्तर धापा टाकत माझ्यापाशी आले. डोळे भरलेले.

"पाह्यलं काय वैनी, कशी पळून राह्यली!" टोपी झटकून डोक्यावर घातली. मग हळूच म्हणाले, "आता सांजच्याले ओट्यावर माह्यापाशी कोन बसन वो?"

तेव्हा मी हसले होते. आता माझीही पोरं पांगली, नातवंडं आपापल्या खेळात. पळू दे बाई त्यांना, पळायलाच पाहिजे. तू मात्र ये लवकर. आणि येशील ती सांजच्यालाच ये.