आप्पांचा बोलका डाव

आमच्या गल्लीत आप्पा येतायत हे दिसायच्या आधी ऐकू यायचं. "आता उंबरा. आता गटार, जरा लांब ढांग टाकूया. हितं गाय बसलीया, उजवीकडनं." शेजारी, त्यांच्या खांद्यावर हात टाकून, त्यांचे दोस्त हुसेनचाचा मुकाट चालायचे. चाचा महाराजांच्या पागेत खोगीर शिवायचे. हात थरथरतात असं सांगून दोन वर्षांमागं ते काम सोडलेलं. रोज एवढी बडबड ऐकणाऱ्या माणसाला दरबारानं खरं तर मानाचा मंदील बांधायला हवा होता.

आप्पांचा सिद्धान्त असा, की विचार तोंडानंच करायचा. "मनातल्या मनात इचार करतोय त्यो चोर," म्हणायचे. मी शाळामास्तर, मनाच्या शास्त्रावरचं एक इंग्रजी पुस्तक अर्धं वाचलेलं. आधी विचार, मग भाषा, असं मी त्यांना समजावलं. त्यावर आप्पांनी विचारलं, कचेरीतले साहेब दिवसभर गप बसून विचार करतात, त्यातनं बाहेर काय पडलं? मी उत्तर शोधत बसलो, तेही मनातल्या मनात.

म्हशीच्या बाजारात तर मालकासमोर उभं राहून म्हणाले, "म्हस झ्याक हाय. पर आवडलीया असं दावायचं न्हाय." मालकाला कान होते. म्हस सोन्याच्या भावानं घरी आली.

पण खरा वैताग बुद्धिबळाचा. तालमीच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी आप्पा आणि चाचा पट मांडायचे. आप्पा आपला बेत तर सांगायचेच, वर चाचांनी काय खेळावं तेही सांगायचे. चाचा जिंकायचे आणि बघणाऱ्यांचं डोकं उठायचं. शेवटी मीच नियम काढला : जो खेळताना बोलेल, त्यानं कट्ट्यावर पुन्हा पट मांडायचा नाही. आप्पांचा सगळा जीव त्या कट्ट्यात. चेहरा उतरला, पण बसले बिचारे.

पहिल्या दोन-चार खेळ्या सरावाच्या, त्या बिनबोभाट झाल्या. मग आप्पांनी ओठ मिटून हत्ती सरकवला. चाचांनी हात उचलला तो तसाच हवेत राहिला. कुणीतरी म्हणालं, खेळा की चाचा. हात खाली आला तो स्वतःची सोंगटी सोडून आप्पांच्याच वजिरावर. कुणी फिसकन हसलं. चाचांच्या कपाळावर घाम फुटला.

"माझा हत्ती तुमच्या राजासमोर आलाय," आप्पा मोठ्यानं बोलले. "शह हाय. उंट आडवा घाला. तुमच्या डाव्या हाताला हाय बघा."

कट्टा हसला. "हरला आप्पा, गेला कट्टा!" कुणीतरी ओरडलं.

"व्हय, हरलो," आप्पा म्हणाले. "तोंडच वाईट आमचं."

चाचांची बोटं पटावर चाचपडत उंटापाशी पोचली. मी त्यांच्याकडं नीट बघितलं. डोळे पटावर नव्हतेच, समोरच्या भिंतीवर होते. उंबरा, गटार, गाय, ती सगळी बडबड मला आठवली. मी काही बोलणार, तोवर आप्पांनी माझ्याकडं असं बघितलं की मी तोंड मिटलं. मनातल्या मनात विचार करायची माझी विद्या एवढी एकदाच कामी आली.

म्हशीच्या बाजारात चाचा नव्हते, तेव्हा तो मूर्खपणा आप्पांचा घरचाच, हेही सांगायला हवं.

आप्पांनी पट गुंडाळून काखेत मारला, चाचांचा हात आपल्या खांद्यावर ठेवला आणि दोघं निघाले.

"आता पायरी," गल्लीतनं ऐकू आलं. "आता गटार. उद्यापास्नं तुमच्या घरच्या सोप्यात बसू की चाचा. तितं मला कोण गप म्हणतंय?"