वैभवराव कोठावळे यांचा गोरज मुहूर्त आणि मुदतीबाहेरील मुक्काम

॥ श्री सूर्यनारायण समर्थ, मावळो अथवा न मावळो ॥

शके १९४८, पराभवनाम संवत्सर, ज्येष्ठ वद्य पक्षी, उत्तरेकडील थंड राज्यात राजश्री वैभवराव कोठावळे, राहणार मिरज, यांचा विवाह सौभाग्यकांक्षिणी सिग्रिडबाई यांसी जाहला, आणि त्याच घटकेस वैभवराव राज्याबाहेर घातले गेले, आणि पाच वर्षे सीमेस पाय लावू नये ऐसी ताकीद जाहली. परंतु सदरहू विवाह जाहलाच नाही ऐसे त्या राज्याच्या राजधानीतून लेखी आले आहे, आणि शिक्क्याच्या कागदास खोटे म्हणणे हे आमचे काम नव्हे. सबब तो जाहला नाही आणि आम्हीही वर काही लिहिले नाही ऐसे धरून, मुळापासून हकीकत लिहितो.

सिग्रिडबाई त्या राज्याच्या पार उत्तरटोकाच्या बंदरातील. तंबोरे करण्याची विद्या शिकावी ऐसे मनात आणून मिरजेस आल्या, आणि भोपळे वाळवीत, तारा जुळवीत काही वर्षे राहिल्या, आणि मराठी बोलू लागल्या ती कारागिरांच्या गल्लीतली. शेजारच्या गल्लीत वैभवराव संगणकाची चाकरी करीत असत. तंबोऱ्यातले ओ की ठो कळत नसता ते रोज तंबोरा पाहावयास जाऊ लागले, आणि मग जे व्हावयाचे ते जाहले. पुढे बाई स्वराज्यी परतल्या, आणि वैभवरावांस करमेना, आणि चैत्र पाडव्यास गुढी उभारून, श्रीखंडाचा डबा सामानात घालून, पाहुण्याचा परवाना घेऊन स्वारी उत्तरेस दाखल जाहली. परवाना तीन महिन्यांचा. त्या मुदतीत लग्न लागले तर राहावे. न लागले तर निघावे. आणि निघाले नाही तर पाच वर्षे वधूचे मुख फोनच्या पडद्यावरच पाहावे, ऐसा तिकडचा कायदा.

बंदर लहान, माणसे थोडी, म्हणून परवान्याचे खाते आणि विवाहाचे खाते दोन्ही एकट्या हालवरसाहेबांकडे. साहेब सज्जन, उंचीने दाराच्या चौकटीस लागणारे आणि बोलण्यास चुकार. सिग्रिडबाईंनी त्यांजकडे जाऊन वैशाखानंतरची, मुदतीच्या आतली तारीख मुक्रर करून आणिली. वैभवरावांनी आनंदे मातुश्री कुमुदिनीबाईसाहेबांस फोन लाविला, आणि तेथे घात जाहला.

मातुश्री बोलिल्या, "वैभ्या, शुद्धीवर आहेस ना? तो अधिक ज्येष्ठ आहे. धोंड्याच्या महिन्यात लग्न लावतात होय?"

सिग्रिडबाई मागून बोलिल्या, "आई, अहो अधिक महिना मिरजेला. इथं कुठून येणार तो?"

"का गं बाई? माझा लेक विमानात बसून आला, महिन्याला काय तिकीट मिळत नाही?"

मग वेदमूर्ती दिगंबरभट यांस विचारिले, आणि भटजींनी पंचांग पाहून निज ज्येष्ठ शुद्ध दशमीचा गोरज मुहूर्त काढून दिला. तोवर परवाना सरतो, ऐसे सिग्रिडबाईंनी सांगितले. भटजी म्हणाले, "अधिक महिना जमेस धरीत नाहीत. तीन महिने म्हणजे चैत्र, वैशाख, ज्येष्ठ. अमावास्येपर्यंत खुशाल राहा." हे वैभवरावांस फार पटले. मनुष्यास सोयीचे शास्त्र लवकर पटते. सिग्रिडबाई चिडल्या, आणि मग हालवरसाहेबांकडे जाऊन तारीख फिरवून आल्या. येथे आणखी एक गोष्ट राहिली, ती ऐसी की, गोरज म्हणजे काय हे सिग्रिडबाईंनी विचारिले नाही, आणि तुमच्याकडे सूर्य मावळतो काय हे भटजींनी विचारिले नाही, कारण ऐसा प्रश्न कोणी शहाणा मनुष्य विचारीत नाही.

मग परवाना सरला. त्या दिवसापासून वैभवरावांस चैन पडेना. रस्त्याने मोटार गेली की उठून खिडकीशी, टपालवाला आला की न्हाणीघरात, आणि दारावर टकटक जाहली की हातातला चहा बशीत. अखेर आपणच उठून हालवरसाहेबांकडे गेले आणि अधिक मासाची समजूत घातली. साहेबांनी डोळे मिटून सर्व ऐकिले आणि काही बोलिले. सिग्रिडबाईंनी तरजुमा केला, "साहेब विचारतायत, हा महिना तुमच्याकडं फुकट मिळतो का?" मग साहेबांनी राजधानीस विचारणा केली. राजधानी दक्षिणेस फार लांब.

दशमीचा दिवस उगवला. सिग्रिडबाईंच्या घराच्या दिवाणखान्यात पाट मांडिले, बाईंचे वडील आणि आत्या यांनी दोन टोकांस अंतरपाट धरिला, वैभवरावांनी मुंडावळ्या बांधिल्या, आणि मिरजेहून भटजी आणि मातुश्री पडद्यावर हजर जाहल्या. भटजी बोलिले, "सूर्य मावळला की सांगा." तेव्हां सिग्रिडबाईंनी विचारिले, "कुठला सूर्य?"

"वधूवर उभे असतील तिथला."

"इथला सूर्य आता मावळत नाही, गुरुजी. ज्येष्ठ वद्यात मावळेल कधीतरी."

मग मातुश्री म्हणाल्या, "हे आधी नाही का सांगायचं?"

"तुम्ही म्हणालात गोरज. मला वाटलं गुरुजींचं आडनाव असेल. मग मिरजेचाच सूर्य धरा की. महिना मिरजेचा धरलाच आहे."

भटजी बोलिले, "महिना घरचा, सूर्य जागेवरचा. शास्त्र तसंच आहे बाई."

इतक्यात हालवरसाहेब आले. उजव्या खिशात विवाहाची वही, डाव्या खिशात राजधानीचा हुकूम. हुकुमाचा मजकूर ऐसा की, हा कागद पोचेल त्या रोजी दिवस मावळण्याच्या आत वैभवरावांनी राज्य सोडावे, म्हणजे मागील कसूर माफ. दिवस मावळल्यावर सापडल्यास पाच वर्षे बंदी. राजधानीत दिवस रोज मावळतो, त्यामुळे लिहिणारास काही वावगे वाटले नाही. साहेबांनी हुकूम वाचिला, खिडकीतून सूर्याकडे पाहिले, पुन्हा हुकूम वाचिला, आणि खुर्ची ओढून बसले.

मग ऐसे जाहले की, सूर्य मावळेना म्हणून लग्न लागेना, आणि सूर्य मावळेना म्हणून वराची मुदत सरेना. वडिलांचे आणि आत्यांचे हात भरून आले, तेव्हां अंतरपाट दोरीवर लाविला. आणि लग्न लागेतो वधूवरांनी परस्परांस पाहू नये ऐसे मातुश्रींनी निक्षून सांगितले, म्हणून स्वयंपाकघर वधूकडे आणि न्हाणीघर वराकडे ऐसी राज्याची वाटणी होऊन उभयतां राहू लागले. बंदर सारे उजेडात, झोप कोणासही नाही. मुंडावळ्या कपाळास टोचत. वैभवराव खिडकीपासून दोरीपर्यंत आणि दोरीपासून खिडकीपर्यंत फेऱ्या घालीत आणि सूर्य खाली आला की सामान बांधीत, वर गेला की सोडीत. साहेब नित्य येत, कॉफी घेत, क्षितिज पाहत आणि जात.

एके दिवशी सूर्य समुद्रास टेकावयास आला. अंतरपाटापलीकडून सिग्रिडबाई बोलिल्या, "वैभव, ऐक. आज मावळणार तो. खाली होडी तयार आहे, पुढं विमान आहे. आत्ता निघालास तर माफी आहे. परत परवाना काढ आणि ये."

"आणि लग्न?"

"लग्न कुठं पळतंय? हे फडकं मी काढत नाही. दोरीवर राहील."

"चिडलीस?"

"चिडले होते. आता भीती वाटतेय. पाच वर्षं मी या फडक्याशी बोलू काय रे?"

वैभवरावांचे मन हलले. त्यांनी एक पाय पादत्राणात घातला. दुसरा घालावयाचा तो बोलिले, "एक मिनिट हं. आईला विचारतो."

फोन लागला. मातुश्री बोलिल्या, "जा की रे बाळा, लग्न काय, होईल नंतर. पण थांब हं, प्रस्थानाला वेळ बरी आहे का, भटजींना विचारते." भटजी स्नानास गेले होते. मातुश्रींनी न्हाणीघराचे दार वाजवावयास माणूस धाडिला. वैभवराव एका पायात बूट घालून उभे, हालवरसाहेब दोन्ही खिशांत हात घालून उभे, आणि सूर्य समुद्रात बोट बुडवून पाहावे तितका बुडाला.

मग एकच धांदल उडाली. भटजी ओल्या पंच्यानेच पडद्यावर येऊन "सावधान!" म्हणून ओरडले, आत्यांनी अंतरपाट ओढिला, अक्षता उडाल्या, साहेबांनी उजव्या हाताने विवाहाच्या वहीवर आणि डाव्या हाताने हुकुमावर शिक्का मारिला. उभयतांनी एकमेकांस पाहिले. सिग्रिडबाईंच्या डोळ्यांत पाणी होते आणि हसूही येत होते, बोलिल्या ते इतकेच, "दुसरा बूट घाल." तोवर सूर्य पुन्हा वर आला होता.

राजधानीने निवाडा केला की, दिवस मावळताच वर कायद्याने राज्याबाहेर गेला, आणि विवाह दिवस मावळल्यावर लागला, सबब राज्यात नसलेल्या मनुष्याचा विवाह राज्यात होऊ शकत नाही. हालवरसाहेबांनी उजव्या हाताचा शिक्का आधी पडल्याचे कळविले. साहेब डावखुरे असल्याचे दप्तरी निघाले, आणि ती जबानी फेटाळली गेली. सांप्रत वैभवराव मिरजेस असून भटजींच्या गल्लीने जात नाहीत. मातुश्री सुनेशी रोज फोनवर बोलतात आणि लेकाशी बेताचे. उत्तरेस अंतरपाट पुन्हा दोरीवर लाविला असून सिग्रिडबाई त्यावर दुसरे काही वाळत घालू देत नाहीत.

एकूण तात्पर्य, महिना एक अधिक मिळाला आणि सूर्यास्त एक कमी पडला. तरी सूर्यनारायणाचे दप्तरी आणि त्या राज्याचे परवाना-खाती संयुक्त अर्ज ऐसा की, ज्याप्रमाणे आम्हांकडे महिना अधिक धरितात त्याप्रमाणे मौजे बंदर येथे मागील तारखेपासून एक सूर्यास्त अधिक मंजूर करावा. म्हणजे एकूण दोन होतील, पैकी पहिला विवाहाकडे आणि दुसरा हद्दपारीकडे नोंदवावा. आणि दोहोंच्या मध्ये वरास दुसरा बूट घालण्यापुरता अवकाश ठेवावा. मंजुरी आल्यास कळवावे. वधू दोरीपाशी आहे.