एदिल्साचा स्पंज आणि रस्त्यावरचा ओढा

"आज अख्खं बारांकिया शहर माझं ऐकणार!" एदिल्सानं फोनवर आईला ठणकावून सांगितलं. "दुपारी ओढा येणार. गाडा लवकर वर घे."

"घेते गं. आधी सांग, आज कुठला ड्रेस?"

एदिल्साच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ऐन तारुण्याची वर्षं हवामानशास्त्र शिकण्यात घातली, पण टीव्हीवर हवामान सांगायला लागल्यापासून एका माणसानं तिला ढगाबद्दल विचारलं असेल तर शपथ! विचारत ते ड्रेस, लिपस्टिक आणि लग्न. या शहरात पाऊस पडला की रस्त्यांचे ओढे होतात, मोटारी वाहून जातात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि आईचा आरेपा, म्हणजे अंडं भरलेल्या मक्याच्या पुऱ्या, तळायचा गाडा नेमका तसल्याच उतारावर!

"राणी, मागून फार सपाट दिसतेस," स्टुडिओत निर्माते ओस्वाल्दो म्हणाले. "लोक चॅनेल बदलतात."

"लोकांनी नकाशा बघावा."

"नकाशाला कंबर असते का?"

वेशभूषेच्या बाईनं ड्रेसच्या आत, कमरेखाली दोन्ही बाजूंना बचकभर स्पंज कोंबला, आणि ओस्वाल्दोंनी तिला थेट प्रक्षेपणासाठी भर चौकात उभं केलं. पाऊस कोसळला. स्पंज पाणी प्यायला लागला. एदिल्सा ओरडत होती, "ओढा निघालाय! गाड्या हलवा!" आणि उजवा स्पंज टरारून फुगत गुडघ्याकडे निघाला होता. कॅमेराही आभाळ सोडून त्याच्या मागोमाग खाली!

"वळू नकोस, राणी!" कानातल्या यंत्रात ओस्वाल्दो किंचाळले. "घसरतोय! हातानं लपव! आणि हस! हस गं!"

"हसू?" एदिल्सा कडाडली. "लोक वाहून जाणारेत आणि मी हसू?"

तिनं ड्रेसखाली हात घातला, स्पंज उपसला आणि कॅमेऱ्यापुढे धरून पिळला. बादलीभर पाणी निघालं!

"हेच बघायचं होतं ना? घ्या! बघा पोटभर! ही माझी कंबर नाही, हा चॅनेलचा स्पंज आहे! झालं समाधान? मग आता कान उघडा. ओढा येतोय! उतारावरून हला!"

आणि स्पंज थाडकन कॅमेऱ्यावर फेकला. चौकात टाळ्या पडल्या. आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं, आज ऐकलं आपलं!

तेवढ्यात फोन. आई!

"आई, बघितलंस?"

"बघितलं म्हणजे काय! अख्खी गल्ली सलूनमधल्या टीव्हीपुढे जमली होती. कुणी पापणी लववली नाही!"

"मग गाडा वर घेतलास ना?"

पलीकडे आईनं नुसता घसा खाकरला.

"आई, गाडा कुठे आहे?"

"अगं, आम्ही सगळ्या तावातावानं बोलत होतो, दुसरा स्पंज कुठे गेला म्हणून. तेवढ्यात आलं पाणी. गेला गाडा. कढईसकट."

"आई!! मी घसा फोडून सांगत होते!"

"हो गं, दिसत होतं ना." आईनं नाक ओढलं. "पण बाईमाणसानं टीव्हीवर इतकं चिडू नये, बाळा. कपाळावर आठ्या दिसतात."