माणसाबिगर हंडा

आमच्या गल्लीत पाणी आलं नाही की अप्पा अमेरिकेला शिव्या देतात. पुढारी, धरण, पाणी सोडणारा, यातलं कोणीही त्यांच्या तोंडी येत नाही. रिकामी बकेट हातात घेऊन ते गल्लीच्या वरच्या टोकाकडं बघतात आणि म्हणतात, "लागली बघा अमेरिकेची मोटर!"

नव्या माणसाला वाटतं, म्हातारा भ्रमिष्ट झाला. तसं काही नाही. अमेरिका म्हणजे गल्लीतलं पहिलं घर. तिथले इंजिनिअरसाहेब थेट लाइनीला मोटर लावतात. दुसरं घर ब्रिटन, कारण अमेरिकेची मोटर सुरू झाली की पाठोपाठ त्यांची सुरू. मग खालच्या आमच्या घरांत नळाला नुसती हवा येते आणि आम्ही सगळे खालच्या टोकाच्या सार्वजनिक नळावर रांग लावतो. मी शाळेत शिकवते, म्हणून गल्ली मला बाई म्हणते. पण अप्पांच्या नकाशात मी भारत.

"बाई, तुमी निस्ता निषेध करता. तीव्र निषेध. अन् घरात जाता."

शुक्रवार आमचा पाण्याचा वार. कधी तो शनिवारावर ढकलतात, कधी गिळूनच टाकतात. सकाळी सहाला हंडे वाहायचे, मग डबे करायचे, मग औरंगपुऱ्यातल्या गर्दीतून रिक्षानं शाळा गाठायची आणि पोरांना जलचक्र शिकवायचं. निषेधाच्या पुढं जायला अंगात जीव तर पाहिजे.

अप्पांनी सगळी नोकरी कन्नड डेपोच्या एसटीवर कंडक्टर म्हणून काढली. जगही त्यांना एसटीसारखंच दिसतं. "युनो म्हंजे स्टँडवरचा कंट्रोलर. गाडी येवो न येवो, भोंग्यात बोलत ऱ्हायचं." हवामानाच्या परिषदेची बातमी लागली की म्हणणार, "धूर काढला त्यायनी, खोकायचं आपण. अन् गरमी कमी करायला चालले इमानात बसून! एक तरी पायी गेला का?" श्रीमंत-गरीब देशांचा विषय निघाला की, "तिकीट समद्यांचं सारखंच हो. म्होरली शीटं तेवढी ठरलेली."

त्यांचा खरा राग मात्र रुमालावर. बाजाराच्या दिवशी लोक एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचे. अप्पा आत चढले की आधी ते रुमाल गोळा करायचे आणि ड्रायव्हरच्या मागं ढीग घालायचे. "माणूस दिसंना तवर शीट नाय!" अमेरिकेचं परराष्ट्र धोरण त्यांनी मला ह्याच हिशेबात समजावलं होतं. "जगभर रुमाल टाकून ठेवलेत बाई त्यायनी. सोता बसायचं नाय, अन् दुसऱ्याला बसू द्यायचं नाय."

नळावरही तोच कायदा. माणसाबिगर हंडा चालायचा नाय. रांगेत हंडा ठेवून कोणी घरात गेलं की अप्पा तो उचलून बाजूला पालथा घालणार. माझा घातला, गॅसवरचं दूध बघायला गेले होते तेव्हा. शेजारच्या शहाजहान खालाचा तर कितीदा घातला. खाला काय ऐकून घेणारी बाई नव्हे.

"कायकू निकाले जी मेरा हंडा? चाय देखने गई थी मैं!"

"मग आता चहाच्या मागं नंबर लावा."

असं हे चालायचं. कधी हसू यायचं, पण खरं सांगते, बऱ्याचदा वीटच यायचा. सकाळी सकाळी कमरेत उसण भरलेली, धार करंगळीएवढी, आणि हा माणूस नळावर जागतिक राजकारण सांगतोय. गप्प बसा हो अप्पा, असं मी किती वेळा म्हटलं असेल.

अप्पांची बायको, आमच्या काकू, गेल्यापासून अप्पा घरात एकटेच. एकुलता मुलगा हॉलंडमध्ये. तो तिथं नेमकं काय करतो हे अप्पांना बरेच दिवस ठाऊक नव्हतं. कळलं त्या दिवशी ते खालाच्या ओट्यावर मटकन बसले.

"खाला, तो देश म्हणं पाण्याच्या खाली हाय. मोटरी लावून पाणी उपसतेत अन् समुद्रात फेकतेत! हिथं पाणी पायजे म्हून मोटर, तिथं पाणी नको म्हून मोटर. अन् ती माझंच पोरगं चालवतंय!"

"तो बोलो ना उसको," खाला म्हणाली, "दो हंडे इधर भी फेक."

मुलगा त्यांना कायमचं तिकडं बोलवत होता. अप्पा म्हणायचे, आपण अलिप्त राष्ट्र, कोणत्या गोटात जायचं नाय. पण एका शुक्रवारी भरलेली बकेट नेताना नळाशीच पाय घसरला आणि खुबा मोडला. मुलगा आला, ऑपरेशन झालं, आणि अप्पा हिंडूफिरू लागल्यावर तो त्यांना घेऊनच गेला. आता बाबांना परत पाठवणार नाही, हे त्यानं आम्हाला सरळ सांगितलं. त्याचं तरी काय चुकलं? जाताना अप्पांनी घराची किल्ली माझ्या हातात दिली आणि आपली बकेट माझ्या ओट्यावर पालथी ठेवली.

पुढच्याच शुक्रवारी सहा वाजता फोन. "बाई, आलं का पाणी?"

मग दर शुक्रवारी. आलं का? धार कशी हाय? खालाला मिळालं का? हंडा कमरेवर, फोन खांद्यात दाबलेला, मी वैतागून म्हणायची, "अप्पा, तिकडं सुखानं राहा की आता!" तिथं किती वाजले विचारलं की म्हणायचे, "वाजलेत कायतरी."

एक दिवस मुलाचा फोन आला. आवाज पडलेला. "बाई, बाबांचं काहीतरी बिघडलंय. मध्यरात्री उठतात आणि घरातली सगळी भांडी पाण्यानं भरून ठेवतात. पातेली, कप, अंघोळीचा टबसुद्धा. इथं चोवीस तास पाणी आहे हो! डॉक्टरकडं नंबर लावलाय."

"रोज भरतात?"

"नाही. दर शुक्रवारी."

"अरे, तो आमचा पाण्याचा वार आहे," मी म्हटलं. "तुमची मध्यरात्र म्हणजे आमचे सहा."

त्यानंतरच्या शुक्रवारी फोन वाजला तेव्हा मी हंडा खाली ठेवला. "आलंय पाणी. पण अप्पा, खरं सांगा, तिथं कसं वाटतं?"

"झ्याक हाय. नळ फिरवला की पाणी. गार बी, गरम बी." मग म्हणाले, "पर बाई, दारात कोणी येतच नाय हो. भांडावं कुणाशी?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. ते हळूच म्हणाले, "एक काम करता का? माझी बकेट लावता लाइनीत?"

"माणसाबिगर?" माझ्या तोंडून निघूनच गेलं.

"व्हय," अप्पा म्हणाले. "रुमाल टाकला समजा."

मी ओट्यावरची बकेट उचलली, फडक्यानं पुसली आणि रांगेत नेऊन ठेवली. खालानं विचारलं, "किसकी है?" मी नाव सांगितलं. तिनं पदर डोळ्याला लावला आणि आपला हंडा मागं ओढून बकेटीला पुढं जागा दिली.

तेवढ्यात वर घरघर सुरू झाली आणि धार बारीक झाली. अख्खी रांग ओरडली, "लागली अमेरिकेची मोटर!" मी फोन उंच धरला होता. त्यातून अप्पांचा आवाज आला, "हाणा तिच्या मायला!" आणि मग ते खोकला लागेपर्यंत हसत राहिले.

बकेटीचा नंबर आला. खालानं ती नळाखाली सरकवली.

"भरली का, बाई?"

"नाही हो अप्पा. धार फार बारीक आहे. वेळ लागेल."

"लागू द्या," अप्पा म्हणाले. "मला कुठं जायचंय."