तब्येत बरी म्हणायची नाही!

वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं त्या साली शालिग्राम सातवी पास होता आणि ही गोष्ट तो कोणाला विसरू देत नसे! त्याचा बाप जगदेव मुदतीच्या तापातून नुकताच उठला होता. शेलूबाजारच्या डॉक्टरांनी बजावलं, "काय खाल्लं, झोप कशी, सगळं रोज लिहा. आठवड्यानं वही दाखवा, मग भाकरीचं ठरवू. तोवर फक्त पेज!"

"अशी वही लिहितो सायेब, का पटवारी लाजला पाह्यजे!" शालिग्राम म्हणाला. भाकरीच्या नावानं खाटेवरच्या जगदेवच्या तोंडाला पाणी सुटलं. पेज पिऊन पिऊन जीव विटला होता बिचाऱ्याचा.

शालिग्राम दिवसभर वावरात. सांजेला परतला की चुलीपुढच्या आईला, चतुराबाईला, विचारून लिहायला बसे.

"बाबानं पेज पेली काय, माय?"

"कुठची पेली! तोंड फिरवलं."

"अन् झोप?"

"डोळ्याले डोळा नाई!"

मागे जगदेव ढाराढूर घोरत होता! शालिग्राम चक्रावला. पण दिवसभर जवळ माय असते, आपण कपाशीत असतो. त्यानं मुकाट लिहिलं. दुसऱ्या दिवशी 'पाय लटपटतात', तिसऱ्या दिवशी 'माणूस ओळखत नाही'. आठवडा भरला तेव्हा आपलंच अक्षर वाचून त्याला रडू फुटलं. त्यानं किन्हीराजा गावी बहिणीकडे सांगावा धाडला आणि स्वतः डॉक्टरांकडे धावत सुटला. वही वाचून डॉक्टरांनी तशीच बॅग उचलली.

दोघं पोचले तर दारात बहीण पंचफुला गळा काढून रडत होती आणि अर्धं गाव गोळा झालं होतं. एवढ्यात आंघोळ करून जगदेव बाहेर आला.

"कायले रडून राह्यली व? कोन गेलं?"

"तुमीच ना, बाबा!"

जगदेवनं गोंधळून शालिग्रामकडे पाहिलं. "वहीत लिवलं हाय काय तसं?"

"तसंच म्हना ना, बाबा."

"मंग असंन बाप्पा," म्हणत तो निमूट खाटेवर आडवा झाला!

डॉक्टरांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, पोट दाबलं. "अहो, माणूस ठणठणीत आहे! हे असलं सांगितलं कोणी?"

"म्या!" चतुराबाई पदर खोचून पुढे आली. "जेवले, झोपले, बरे हायेत, असं कोनी तोंडानं बोलते काय? नजर लागते! अन् हा तर लिवून ठेवते!"

शालिग्रामनं कपाळावर हात मारला. डॉक्टर खदखदून हसले. "आजपासून भाकर सुरू! चार दिवसांत वखर धरतील बघा!"

अख्ख्या गावासमोर! चतुराबाई चुलीकडे धावली. तिनं मूठभर मीठ-मिरच्या नवऱ्यावरून ओवाळल्या आणि चुलीत टाकल्या. घरभर असा धूर कोंडला की पंचफुला रडायचं विसरून खोकायला लागली. जगदेव तर खोकून खोकून लालबुंद! त्याला धापच लागली.

डॉक्टर डोळे पुसत ओरडले, "छाती अजून कच्ची आहे! भाकर बंद! आणखी आठवडाभर पेज!"

"एवढा ठसका लागला म्हंजे नजर नव्हतीच लागली!" चतुराबाईचा जीव भांड्यात पडला.

शालिग्राम पेन्सिल घेऊन उभाच. बाप बरा की बिमार? काय लिहावं ते त्याला कळेना.

खाटेवरून क्षीण आवाज आला, "लिव ना लेका! तापातून वाचला अन् भुकेनं मेला!"