एक डावं, एक उजवं

शामकांत स्टोव्हवरच्या किटलीच्या वाफेवर कोंबडीचं पीस धरून उभा आहे हे त्याच्या बायकोने, नीलांबरीने, पाहिलं. ही किटली आता चहाला चालणार नाही, एवढं तिने शांतपणे जाहीर केलं.

खरं तर हा खटाटोप तिच्यासाठीच होता. कोल्हारच्या शाळेत ती नुकतीच कायम झाली होती, आणि नेमकी तेव्हाच पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर असलेल्या शामकांतची पाथर्डीला बदली होणार अशी कुणकुण लागली. ती थांबवणं मोठ्या साहेबांच्या हातात होतं आणि साहेबांना नाद होता मासेमारीचा. तोही साधा नव्हे. गळाला गांडूळ न लावता पिसांची खोटी माशी बांधायची आणि ती पाण्याखाली सोडायची. साहेबांजवळच्या माशा संपल्या होत्या. माशीचे पंख बांधणं इथे कुणाला जमायचं नाही, असं ते हळहळले आणि शामकांत बोलून गेला, "मला जमेल, सर." साहेब येत्या रविवारी प्रवरेवर येणार होते.

या पंखांची गोम साहेबांनीच सांगितली होती. पिसांच्या दोन चिंचोळ्या पट्ट्या घ्यायच्या. एक डाव्या पंखाच्या पिसातली, एक उजव्याच्या. पिसं एकाच पक्ष्याची आणि एकाच जागेवरची हवीत, तरच त्यांचा बाक जुळतो. नाहीतर माशी पाण्यात गरगरते आणि मासा लांब पळतो. शामकांतने गल्लीत पडलेली पिसं गोळा करून सराव केला, पण डावं एका कोंबड्याचं तर उजवं दुसऱ्याचं. कापलेल्या कोंबड्याची पिसं गरम पाण्यात भिजवून उपटतात, ती कामाची नव्हती. शिवाय शाळेतल्या बाईंचे यजमान खाटकाच्या दारात दिसले असते, तर गावाला महिनाभर विषय पुरला असता. राहता राहिला शेजारच्या छबूबाईचा राखाडी कोंबडा.

तिन्हीसांजेला ज्वारीचे दाणे टाकून शामकांतने त्याला जवळ बोलावलं आणि एक डावं, एक उजवं पीस उपटलं. कोंबड्याने गल्ली डोक्यावर घेतली, पण पिसं झकास निघाली. ती साबणाने धुतली, वाफेवर सरळ केली, बोटांनी टोकाकडे निरपून विस्कटलेले तंतू एकमेकांत बसवले. पट्ट्या कापून समोरासमोर ठेवल्या तर दोन्ही मिळून एकच दिसू लागल्या. त्या रात्री शामकांतला निवांत झोप लागली.

सकाळी छबूबाईचा नवरा रंगनाथ कोंबडा काखेत मारून दारात हजर.

"रावसाहेब, ह्यो म्हसोबाला बोललेला हुता. हिरीला पानी लागलं म्हनून."

पिसं पुन्हा उगवतील, असं शामकांत चाचरत म्हणाला.

"उगवत्याल. पर यात्रा रव्वारी हाय. आन् एकदा उना ठरला की देव त्याला परत घेत न्हाई." रविवारपर्यंत अंगानं पुरा कोंबडा आला नाही, तर देवाच्या कोंबड्याची पिसं काढायची कोणत्या कायद्यात सवलत आहे, हे तो मोठ्या साहेबांनाच विचारणार होता.

शामकांतने रजा टाकली आणि घोडेगावचा बाजार गाठला. कोंबड्यातलं त्याला काही कळत नव्हतं. कळत होते ते फक्त पंख. म्हणून तो प्रत्येक कोंबड्याचे दोन्ही पंख पसरून डावं-उजवं ताडून पाहू लागला. एवढी बारकाई बघून बाजाराला वाटलं, हा कोणी मोठा जाणकार आहे. भोवती गर्दी जमली. एकाने तर त्याला आपल्या बैलाची शिंगं सारखी आहेत का, ते पाहायला ओढून नेलं.

परतीच्या एसटीत शेजारी नेमके नीलांबरीचे हेडमास्तर येऊन बसले. पायाशी पिशवीत कोंबडा होता. तो आरवला की शामकांत मोठ्याने खोकायचा. कोल्हार येईपर्यंत हेडमास्तरांनी आलं-मध किती वेळा घ्यायचं ते बजावून सांगितलं.

रविवारी नवा कोंबडा म्हसोबाला पोचता झाला. तिकडे प्रवरेत माशी सरळ रेषेत पोहली. मासा लागला तो वीतभरच, पण साहेब लहान मुलासारखे खुलले आणि म्हणाले, "पाथर्डीचं मी बघतो. तुम्ही इथून हलायचं नाही." यापुढे कुठल्याही कोंबड्याकडे मान वर करून पाहायचं नाही, अशी शपथ घेत शामकांत घरी आला.

अंधार पडता पडता मागच्या दारी छबूबाई उभी. आता आणखी काय, म्हणून शामकांतने दार अर्धंच उघडलं.

"पिलू हुता तवापास्नं वाडवला त्याला," ती म्हणाली. "मालकाला कोन सांगनार? देवाला बोलल्यालं. तुमी वाचवला, रावसाहेब." तिचे डोळे भरून आले. शामकांतलाही गलबलून आलं. गेले काही दिवस त्याला लोकांनी बरंच काही म्हटलं होतं, पण हे कुणी म्हटलं नव्हतं.

मग छबूबाईने मागे वळून खूण केली. अंधारातून गल्लीतलीच साळूबाई पुढे आली. तिच्या पदराखाली काहीतरी वळवळत होतं.

"माजा आखाडात देवाला जायाचा हाय," ती हळूच म्हणाली. "एक डावं, एक उजवं. तेवडं हलक्या हातानं काडा."

शामकांतने मदतीसाठी नीलांबरीकडे पाहिलं. ती साळूबाईच्या पलीकडे बघत होती. कुंपणाला धरून आणखी दोघी-तिघी उभ्या होत्या, आणि प्रत्येकीचा पदर आतून हलत होता.