चारही चाकं समान

गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या सरकारी कार्यालयात मिस्त्रीची गाडी नापास झाली. कारण ती सुरक्षित होती.

ही जुनी गाडी मिस्त्रीने लेकीसाठी नव्याने बांधली होती. मोठं इंजिन घातलं, मागच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवले आणि त्यांचा दाब कमी ठेवायला गाडीच्या पोटाखाली एक व्हॉल्व्ह लावला. उद्या सकाळी लेकीला नव्या नोकरीवर हजर व्हायचं होतं. वाटेत बावीस वळणांचा घाट. पास झाल्याचा स्टिकर नाही तर गाडी नाही, गाडी नाही तर नोकरी नाही.

साहेबांनी फॉर्मवर बोट ठेवलं. "तुमची मागची चाकं कामचुकार आहेत. नियम अकरा : चारही चाकांचा ब्रेक समान."

"साहेब, ब्रेक मारला की भार पुढे जातो, मागची चाकं हलकी होतात. ती आधी जाम झाली तर गाडी गर्रकन फिरते. तोंड मागे, शेपूट पुढे!"

"फॉर्ममध्ये भाराचा रकाना आहे?"

"नाही."

"मग भार जागेवरच असतो."

मिस्त्रीने कपाळावर हात मारून घेतला. लेक म्हणाली, "बाबा, दगडावर डोकं आपटून दगडाला टेंगूळ येत नाही. सैल करा तो व्हॉल्व्ह."

कार्यालयातलाच पाना मागून त्याने तो सैल केला. यंत्रावर चारही आकडे जुळ्या भावंडांसारखे सारखे आले. साहेबांनी काचेवर हिरवा स्टिकर स्वहस्ते चिकटवला, वरून थोपटलाही.

आवार नुकतंच धुतलेलं होतं. फाटकाशी रखवालदाराने हात दाखवला, मिस्त्रीने ब्रेक दाबला, आणि गाडीने अशी गिरकी घेतली की रखवालदार कुंडीत जाऊन बसला. गाडीचं तोंड पुन्हा कार्यालयाकडे.

साहेब धावत आले. "काय झालं?"

"समानता आली, साहेब," लेक म्हणाली.

साहेबांनी नोंदवही उघडली आणि गंभीरपणे लिहिलं : 'ब्रेक उत्तम. बाहेर पडताना गाडी कार्यालयाकडे आदराने वळून थांबली.'

फाटकाबाहेर भिंतीला लागून अकरा गाड्या उभ्या होत्या आणि प्रत्येकीखालून दोन-दोन पाय बाहेर आलेले. शेजारच्या टपरीवर पाटी : 'पाना भाड्याने मिळेल. आत जाताना सैल, बाहेर येताना घट्ट.' पान्यासाठी रांग होती. मिस्त्रीचा नंबर येईस्तोवर कार्यालय सुटलं.

तो गाडीखाली सरकला, व्हॉल्व्ह आवळला आणि सहज बाजूला पाहिलं. शेजारच्या गाडीखाली चकचकीत पॉलिशचे बूट, इस्त्रीची पँट आणि घामाघूम झालेले साहेब.

"साहेब, तुम्ही?"

"आजच पास केली माझी गाडी," साहेब कुजबुजले. "जरा पाना द्या हो. बायकापोरं बसतात तिच्यात."

दुसऱ्या दिवशी लेक बावीस वळणं शीळ घालत उतरली आणि वेळेआधी कामावर पोचली.

असा हिरवा स्टिकर तुमच्याही काचेवर असेल. तो मिळाल्यावर तुम्ही टपरीवर थांबला होतात, की खुशीत सरळ घरी आलात?